सोरामायूचा मधला खांब

त्या दिवशी सातुर्निना घरातून निघाली ती मका आणायला. दुसरं काहीही तिच्या मनात नव्हतं.

एप्रिल लागला होता, तिकडचे पावसाचे महिने सरत आले होते आणि खाली मोल्येपाम्पाच्या खोऱ्यात कणसं निघाली होती. वर तिच्या गावी, कायरापाताला, मका होत नाही. तिथे बटाटा, पिवळं गवत आणि वारा. बटाटा थंडीच्या दिवसांत उघड्यावर गोठवायचा, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि उन्हात टाकायचा, की त्याचा काळा, दगडासारखा चुन्यो होतो. तो घेऊन वरच्यांनी खाली जायचं आणि खालच्यांचा मका घेऊन वर यायचं, पायलीला पायली. आजेपणजे करत आले तसंच ते अजून चालतं.

तिने गाढवीवर दोन पोती लादली, पोटाखालून दोर आवळला आणि वळून पाहते तो दगडी कुंपणाशी तिचा थोरला भाऊ उभा. ग्रिमाल्दो गावाचा मुखिया होता. मुखियाची चांदीच्या कड्यांची काठी त्याच्या हातात असायचीच.

"निघालीस होय गं, सातू?"

"निघाले, दादा. ऊन चढायच्या आत पूल ओलांडला म्हणजे बरं."

"मी ट्रकने तालुक्याला चाललोय. येताना देल्मिराला घेऊन येतो. आठवडाभर सुट्टी आहे म्हणे शाळेला."

"तिला म्हणावं, मळके कपडे घेऊन ये. मागच्या खेपेला तिथेच ठेवून आली ढालगज."

"सांगतो." तो वळला, चार पावलं गेला, आणि मान मागे वळवून हसला. "आणि पुलावर थुंकायला विसरू नकोस!"

"ते कशी विसरेन?" सातुर्निनाही हसली.

त्या थुंकण्यामागे नऊ वर्षांचा राग होता. तिचा नवरा मेलेसिओ. ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांच्या तांड्याबरोबर मीठ विकत आला आणि तिच्यासाठी कायरापातातच राहिला. घरजावई. आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, बहीण नाही. माणूस कष्टाळू होता, तोंडाने गोड होता. देल्मिरा पाच वर्षांची असताना नदीवर पुलाचं काम निघालं, आणि गावच्या इतर पुरुषांसारखा तोही तिथे मजुरीला जाऊ लागला. एक दिवस तो परत आलाच नाही. आला तो ग्रिमाल्दो. ओसरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुझ्या पायांवर कपाळ आपटायला हवं मी. डोळ्यांदेखत गेला मेला. त्या छावणीतल्या स्वयंपाकिणीबरोबर, हात भाजलेल्या, सोन्याच्या दाताच्या. निकोलासाबरोबर. समुद्राकडे."

सातुर्निना रडणार तोच त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. "रडायचं नाही. असल्या माणसासाठी डोळ्यातून एक टिपूस काढशील तर माझी शपथ आहे तुला. थुंक त्याच्यावर."

तेव्हापासून ती थुंकत आली. तो पळाला त्याच रस्त्यावर, पुलाच्या बरोबर मध्यावर, दर येण्याजाण्याला. ग्रिमाल्दोने तिला कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही. पेरणीला त्याचे बैल आधी तिच्या रानात यायचे, मगच त्याच्या. देल्मिराला तालुक्याच्या शाळेत त्यानेच घातलं. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं बाया म्हणायच्या. मात्र हे म्हणताना त्या तिच्याकडे न बघता म्हणायच्या. ते तिच्या लक्षात यायला नऊ वर्षं लागली.

गावापासून दोन तास सरळ उतार. उतरता उतरता गवत संपतं, निवडुंग लागतो, आणि मग नदी दिसायच्या आधी ऐकू येते. त्या सोरामायूच्या घळीत सकाळी धुकं साचून राहतं. त्या दिवशी ते इतकं दाट होतं की पुलाचं पलीकडचं टोक नव्हतंच. एकच ट्रक जाईल एवढा अरुंद पूल. दोन्ही काठांना दोन खांब आणि मध्ये, पाण्यातून उठलेला, तिसरा.

मध्यावर गाढवी नेहमीसारखी अडली. कान मागे टाकून उभी राहिली. सातुर्निनाने तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, कडेशी गेली आणि खाली थुंकली.

"पाय मोडोत तुझे, जिथे असशील तिथे."

तिथे ओल्या सिमेंटचा वास यायचा. आजच घातल्यासारखा. तिला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. पुलाला पुलाचा वास यायचाच, असं ती धरून चालली होती.

मोल्येपाम्पाच्या चौकात देवळाच्या भिंतीला लागून बाया ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात मक्याच्या राशी, पांढऱ्या, पिवळ्या, जांभळ्या. सातुर्निना भाव करत, दाणे दाताखाली फोडून बघत पुढे सरकत होती. शेवटच्या राशीमागे बसलेल्या बाईने कणसाची पानं ओढायला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत डाग. सातुर्निनाने वर पाहिलं. वरच्या ओळीत सोन्याचा दात.

शेजारी एक लंगडा म्हातारा पोत्यावर बसून दोर वळत होता. तो मेलेसिओ नव्हता.

सातुर्निनाने चुन्योचं पोतं धपकन खाली टाकलं. आवाज चढवायची गरज नव्हती, पण चढला.

"काय गं निकोलासा! माझा नवरा पुरला का गं तुला नऊ वर्षं?"

आजूबाजूच्या बाया खुदखुदल्या. निकोलासा हसली नाही, रागावलीही नाही. तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"पुरला…" ती पुटपुटली. "मी नाही गं पुरला. मी नुसतं जेवण रांधलं."

चौकातला गलबला चालू होता. कोणीतरी कोंबडीच्या पायाला दोरी बांधत होतं. सातुर्निनाला आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"काय म्हणालीस?"

निकोलासाला कळलं की आपण काय बोलून बसलो. तिने पदरासारखी शाल तोंडावर घेतली. "तुला माहीत नव्हतं… देवा रे. मला वाटलं, कळलं म्हणून आलीस."

देवळामागे एका जुन्या झाडाखाली तिने सांगितलं. खाली बघत, मध्ये मध्ये थांबत.

"तीनदा गेला तो खांब. मधला. बांधायचे, आठ दिवसांत नदी घेऊन जायची. तिसऱ्या वेळी चार माणसंही गेली. मग कोकाची पानं टाकून कौल बघणारा कोणी म्हातारा आणला वरच्या डोंगरातून. तो म्हणाला, नदीला माणूस हवाय. जिवंत. आणि असा हवा की… ज्याच्यामागे रडणारं कोणी नसेल. ज्याच्यासाठी रडतात त्याची पकड सुटते म्हणे. मग नदी त्याला सोडवून नेते, आणि खांबही जातो."

"पुढे."

"मुकादम आणि तुमच्या गावची सहा माणसं माझ्या चुलीपाशी बसली होती. मी भांडी घासत होते. मी आहे हे ते विसरलेच. कोणीतरी म्हणालं, तो घरजावई पोरका आहे. दुसरा म्हणाला, बायको आहे की त्याला, ती ऊर बडवेल. त्यावर तुझा भाऊ…" ती थांबली.

"बोल."

"तुझा भाऊ म्हणाला, ती रडणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

सातुर्निना झाडाच्या खोडाला टेकली.

"दुसऱ्या दिवशी भरदुपारी मला कोकरू भाजायला लावलं. तुझा भाऊ त्याला शेजारी बसवून घास भरवत होता. दारू पाजत होता. दोघं गळ्यात हात घालून खाली गेले, खांबाचा खड्डा बघायला. मग तुझा भाऊ एकटाच वर आला. मला म्हणाला, दोर हवाय, मेलेसिओचा पाय अडकलाय. मी दोर दिला. पण तो खाली गेलाच नाही. भिंतीशी उकिडवा बसला, दोर मांडीवर घेऊन. आणि खाली सिमेंट कालवायचं यंत्र सुरू झालं." निकोलासाने डोळे पुसले. "संध्याकाळी मला गाडीत घालून लांब पाठवलं. परत तोंड दाखवलंस तर बघ, म्हणाले. मला मागाहून कळलं, माझ्या नावावर काय खपवलं ते. तुझा नवरा घेतला आणि माझी अब्रू घेतली."

"नऊ वर्षं तुझं तोंड शिवलेलं होतं?"

"माझा नवरा इथला, म्हणून या सुगीला भीतभीत परतलो. लेकरं आहेत मला…" ती म्हणाली. मग नुसतंच म्हणाली, "हो."

मका कोणी मोजून दिला, पोती कोणी लादली, हे सातुर्निनाला पुढे कधीच आठवलं नाही. ती परत चढाला लागली तेव्हा दुपार कलली होती आणि घळीतून धुकं वर येत होतं. ती रडत नव्हती. डोळे कोरडे ठणठणीत होते. तिला एकच गोष्ट सारखी दिसत होती. ती थुंकतेय. सुगीला, सणाला, देल्मिराच्या शाळेच्या पहिल्या दिवशी, पोरीचा हात धरून. पोरीलाही तिने शिकवलं होतं.

पुलावर पोचली तेव्हा धुक्याने नदीचा आवाजही झाकला होता. तिची पावलं आणि गाढवीचे खूर, एवढंच. पहिला खांब मागे पडला. ओल्या सिमेंटचा वास आला. आता त्यात दुसराही वास होता. उसाच्या दारूचा, आणि भाजलेल्या मांसाचा.

मध्यावर गाढवी अडली. या वेळी ती थरथरत होती.

सातुर्निनाने दोर सोडला. गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली, आणि तिने पुलाच्या फरशीला कान लावला. वाटलं होतं गार लागेल. फरशी कोमट होती, झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखी.

बराच वेळ काही नाही. मग आत, खूप खाली, कोणीतरी घसा साफ केला.

"आलास का, दादा…? दोर मिळाला?"

तिने ओठ दाताखाली धरला. नऊ वर्षांत त्या आवाजाचं वय वाढलं नव्हतं.

"मी आहे," ती म्हणाली. "सातू."

"सातू…? तू कशाला आलीस एवढा उतार उतरून? पोर कुठाय?"

"आहे. शाळेत…"

"शाळेत? एवढीशी तर आहे…" तो हसला. हसणं दगडातून आल्यासारखं, पण त्याचंच. "घाबरू नकोस. पाय अडकलाय नुसता. दादा दोर आणायला गेलाय. येईलच आता."

धुकं हललं. सातुर्निनाने दोन्ही तळवे फरशीवर ठेवले.

"अंधार आहे का रे तिथे?"

"आहे थोडा. हात हलत नाहीत." मग जरा वेळाने, "वर पाऊस आहे का गं? मधूनच एक थेंब येतो. एकच. कोमट असतो… तेवढंच बरं वाटतं."

नऊ वर्षं तिने रडू थोपवून धरलं होतं. तेव्हा ती फुटली. आवाज न करता, पण फुटली. पहिला अश्रू नाकावरून घरंगळला आणि फरशीवर पडला. खाली कट्‌ असा आवाज झाला, वाळक्या हाडासारखा. पुलाने अंग शहारल्यासारखं हलवलं. दुसरा पडला. कुठेतरी वाळू सुळसुळत पाण्यात गळू लागली.

"सातू… सैल होतंय गं." आवाज आता जवळ आला होता. त्यात आशा होती, तीच ऐकवेना. "हात सुटतायत. तू… रडतेस का? कोण गेलं?"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

तिने मान वळवली. धुक्यात दोन पिवळे दिवे, पुलावर चढलेले. पुढची चाकं पहिल्या खांबाच्या पुढे आली होती. ट्रकच्या हौद्यात माणसं खच्चून भरलेली, आणि त्यांच्यात शाळेच्या पोरी कसलंसं गाणं घोळक्याने म्हणत होत्या. एक आवाज सगळ्यांच्या वर, नेहमीसारखा बेसूर. देल्मिरा.

थांबा म्हणून ओरडावं, तर थांबले तरी ते पुलावरच थांबणार होते. मागे फिरायला जागा नव्हती. फरशी तिच्या छातीखाली पुन्हा शहारली आणि तिला बोटभर खाली गेल्यासारखी वाटली.

"कोण गेलं, सातू?"

तिने शालीने डोळे खसाखसा पुसले. ओठ फरशीला लावले.

"कोणी नाही गेलं. धुक्याने पाणी येतंय डोळ्यांत."

"मग सैल का होतंय…?"

"तू धरून बस. घट्ट धर." तिने श्वास घेतला. "दादा येतोय. दोर घेऊन येतोय."

ट्रकचे दिवे तिच्या अंगावर आले.

"धरतो," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर धरतो."

वाळूचा आवाज थांबला. पूल स्थिर झाला, पहिल्यापेक्षाही घट्ट. ती गाढवीला घेऊन कडेला चिकटून उभी राहिली आणि ट्रक तिच्या अंगाला वारा लावत सावकाश निघून गेला. "आई! ए आई!" देल्मिरा ओरडली. टपावर काठी धरून बसलेला ग्रिमाल्दो खाली वाकून बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होता.

पलीकडे ट्रक थांबला. तो उतरला, ट्रकला पुढे जायला सांगितलं, आणि ती पूल उतरेपर्यंत वाट बघत उभा राहिला. ती जवळ आल्यावर त्याने काय झालं, गाढवी का घाबरली, उशीर का झाला, असं काहीच विचारलं नाही.

"रडली नाहीस ना?" त्याने विचारलं.

मग तिला काही शंका उरली नाही.

"कोकरू चांगलं झालं होतं का, दादा?"

त्याच्या काठीची कडी किणकिणली. "निकोलासा भेटली वाटतं."

"भेटली."

"तिसऱ्या वेळी चार माणसं गेली, सातू. आपली. तुझ्या मावशीचा फेलिसिआनो त्यात होता, विसरलीस? त्याआधी बाळंतिणी याच घळीत दोरावरून नेताना मरायच्या. आता या रस्त्याने दवाखान्यात पोचतात. तुझी पोर शाळेत जाते ती…"

"त्याची पोर."

तो खरंच दुखावल्यासारखा म्हणाला, "नऊ वर्षांत मी तुला काय कमी पडू दिलं?"

"रडणं," सातुर्निना म्हणाली. "तेवढं नाही दिलंस."

खाली नदी घोंघावत होती. ती त्याच्या अगदी जवळ गेली.

"तो तुझी वाट बघतोय. दोर मागतोय."

तिला वाटलं होतं, तो दचकेल, छातीवर क्रुसाची खूण करेल, खोटं म्हणेल. त्याने नुसता हात ओठांवर नेला.

"हळू बोल… ऐकू जातं त्याला." मग धुक्याकडे बघत, कुजबुजत, "दर खेपेला विचारतो. नऊ वर्षं."

"आणि तू काय सांगतोस?"

"काय सांगणार…" ग्रिमाल्दो म्हणाला. "आणतोय म्हणतो."

सातुर्निनाने तोंड फिरवलं. हेच शब्द थोड्या वेळापूर्वी तिच्या तोंडून निघाले होते.

त्यानंतर ती भावाशी बोलली नाही. त्याचे बैल तिने परत पाठवले. फौजदाराकडे जावं असं एकदा मनात आलं होतं. पण फौजदार तालुक्याला, आणि तालुक्याला जायचं ते त्याच पुलावरून, मेलेसिओच्या डोक्यावर पाय ठेवून. आणि जाऊन सांगायचं काय? खांब फोडा? तिने देल्मिराला सांगितलं नाही. पोर रडली असती. बाया पाणवठ्यावर सरकून तिला जागा द्यायच्या, कोणी भाकरी आणून ठेवायचं, कोणी काही विचारायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यातल्या प्रत्येकीने तिला पुलावर थुंकताना पाहिलं होतं.

एक मात्र तिने बदललं. खाली जाताना लोकरीत गुंडाळून गरम रश्श्याची बाटली न्यायची आणि मध्यावर एक थेंब टाकायची. एकच. आणि न थांबता पुढे जायची. मागून कोणी हाक मारली तरी.

ऑगस्टच्या कोरड्या थंडीत नदी आटली तेव्हा राजधानीहून पूल तपासायला एक इंजिनिअर आणि त्याचा मदतनीस आले. गावाने त्यांच्या जेवणाची पाळी लावली होती आणि तिसऱ्या दिवशी ती सातुर्निनाची होती. ती सूप घेऊन खाली गेली तेव्हा इंजिनिअर गुडघाभर पाण्यात उभा राहून मधल्या खांबावर लहान हातोडीने टकटक करत होता. आवाज ऐकायचा, मग खडूने खूण करायचा. खुणा जोडत गेला आणि करड्या सिमेंटवर एक आकृती उमटली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढी.

"ही आमच्या कागदावर आहे," त्याने मदतनीसाला सांगितलं. "मागच्या तपासणीत सापडली होती. आत काहीतरी अडकलंय, आवाज दबका येतो. धोका नाही."

तो टकटक करत डावीकडे सरकला. थांबला. पुन्हा वाजवलं. भांड्यावर वाजवावं तसा आवाज आला, पोकळ, स्वच्छ. तो खुणा करत गेला आणि पहिल्या आकृतीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, दुसरी उमटली. तशीच बसलेली. जरा लहान.

इंजिनिअर कितीतरी वेळ कागद उलटसुलट करत राहिला.

"ही इथे नव्हती," तो म्हणाला. "आणि घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये नवी पोकळी पडत नसते."

"हिच्यात काय आहे, साहेब?" सातुर्निनाने विचारलं.

"काही नाही, बाई. ही रिकामी आहे." त्याने सूप घेतलं, पण प्यायला नाही.

गोष्ट संध्याकाळपर्यंत वर पोचली. दोन दिवस ग्रिमाल्दो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी तो सातुर्निनाच्या दारात आला, एप्रिलनंतर पहिल्यांदाच. काठी नव्हती. गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, दारूचा वास येत होता, आणि तो हसत होता. मोठ्या आजारातून उठलेला माणूस हसतो तसा.

"मी खाली जाऊन आलो, सातू. पाठ लावून बसून पाहिलं. दोनदा पाहिलं. खांदे बाहेर राहतात माझे, हे एवढे!" त्याने बोटांनी माप दाखवलं. "माझी नाही ती. शपथ. माझ्या मापाची नाहीच."

तो हसत राहिला. सातुर्निनाने त्याला आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चुलीजवळ देल्मिरा भिंतीला पाठ टेकून, गुडघे जवळ ओढून बटाटे सोलत बसली होती. मामा कशाला हसतोय ते न कळून तीही हसली.

सातुर्निना लेकीच्या खांद्यांकडे बघत राहिली. मग तिने शाल सारखी करताना हळूच स्वतःचे चाचपले. या वर्षात पोर भराभर वाढली होती. दोघींचे आता सारखेच होते.